शिक्क्यामागे एकशे पंचेचाळीस किलोमीटर

नांदेडच्या आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवणारे रविकांत जोंधळे यांनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी नांदेड ते लातूर हे एकशे पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर सायकलवर दहा तासांच्या आत कापायचे ठरवले. या निर्णयामागे समाजप्रबोधनाचा कोणताही हेतू नव्हता. डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितली, जोंधळेसरांनी सायकल घेतली आणि दोन महिन्यांत ती त्यांच्या अंगात आली.

सायकल हॉलमध्ये सोफ्याच्या जागी राहत असे. सोफा गॅलरीत गेला होता. जोंधळेसरांच्या पत्नी महामाया अर्धापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि घरातही नोटिशीची मुदत पाळत. त्यांनी एका रविवारी भाजी चिरता चिरता निर्णय दिला.

"सहा महिने झाले, पाहुणे उभ्यानं चहा पिऊन राहिले. लातूरची ती स्पर्धा आहे ना, ती वेळेत पूर्ण करून मेडल आणा. सायकल हॉलमध्ये राहील. नाही आणलं तर भोकरचा आमचा रामकिशनदादा घेऊन जाईल. त्याला डेअरीवर दूध न्यायला पाहिजेच आहे."

"दुधासाठी? अगं, ती कार्बन फ्रेमची आहे."

"कॅन्या अडकवता येतात का, एवढंच विचारलं त्यानं."

त्या दिवसापासून जोंधळेसर पहाटे अर्धापूरपर्यंत जाऊन केळीच्या बागा बघून परत येऊ लागले. फेब्रुवारीत ते तयार होते. पाय तयार होते, सायकल तयार होती. तयारी नव्हती ती फक्त सत्काराची, कारण सत्कारही सराव करून घ्यायचा असतो हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

स्पर्धेचे आयोजन गोदा-मांजरा दीर्घपल्ला सायकल संवर्धन समितीने केले होते. समितीचे अध्यक्ष शेषेराव यांचा सायकलशी शेवटचा संबंध दहावीत असताना आला होता. परंतु मंडप, माइक आणि मान्यवर या तिन्ही विषयांतला त्यांचा अनुभव तीस वर्षांचा होता. प्रत्येक सहभागीला एक कार्ड देण्यात आले. त्यावर चार रकाने होते : ठिकाण, आगमनाची वेळ, सत्कार झाला किंवा नाही, आणि शिक्का. तिसरा रकाना भरल्याशिवाय चौथा भरता येत नसे. लोहा, अहमदपूर आणि चाकूर अशा तीन ठिकाणी शिक्का घ्यायचा होता. समितीकडे शिक्का एकच होता. दुसरा करून घेता आला असता, पण मग त्यातला अधिकृत कोणता, हा प्रश्न उपस्थित झाला असता. म्हणून तो शेषेरावांच्या खिशात असे आणि शेषेराव जीपमध्ये असत.

सकाळी सहाला समितीचे चिटणीस हरिओम यांनी माइकवरून "चला, निघा आता" असे म्हटले आणि बासष्ट सायकली नांदेडबाहेर पडल्या. हवा गार होती. जोंधळेसर सात वाजून पंचवीस मिनिटांनी लोह्यात पोचले. पहिले आले होते. आयुष्यात ते कशातच पहिले आले नव्हते, त्यामुळे काय करायचे असते हे न कळून त्यांनी हेल्मेटचा पट्टा सोडला आणि पुन्हा लावला.

लोह्याच्या स्वागत मंडपात खुर्च्या होत्या, सतरंजी होती, हार होते. शिक्का नव्हता. शेषेराव वाटेत एका कार्यकर्त्याकडे नाश्त्याला थांबले होते.

ते आठला आले. मग सत्कार झाले. जोंधळेसरांना शाल, श्रीफळ आणि फेटा मिळाला. सुरक्षेच्या नियमानुसार हेल्मेट काढता येत नव्हते आणि सत्काराच्या नियमानुसार फेटा नाकारता येत नव्हता, म्हणून फेटा हेल्मेटवरून बांधण्यात आला. आठ पंचविसाला शिक्का बसला. जोंधळेसरांनी नारळ कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिले.

"इथेच ठेवून जातो, परत येताना घेतो," ते हरिओमला म्हणाले.

"असं नाही करता येत, सर," हरिओम अदबीने म्हणाला. "नियम नऊ बघा. सत्काराचं साहित्य वाटेत सोडणं हा यजमान गावाचा अपमान आहे. पुढच्या ठिकाणी साहित्य दाखवल्याशिवाय शिक्का नाही."

जोंधळेसरांनी पाण्याची बाटली काढून खिशात कोंबली आणि तिच्या जागी नारळ बसवला. तो अगदी मापात बसला.

शेजारी रुद्रेश नावाचा एक औषध दुकानदार आपली सायकल शांतपणे टेम्पोत चढवत होता. ती जोंधळेसरांच्या सायकलीपेक्षा चांगली होती.

"पंक्चर झाली का?" सरांनी विचारले.

"न्हाई. बिलकुल ठीक हाय."

"मग?"

"सर, तुम्ही शिकलेले माणूस. शिक्का कुठं हाय? शेषेरावांच्या खिशात. शेषेराव कुठं हायेत? जीपमध्ये. मग आपण रस्त्यावर काय करून राहिलो? ज्याला शिक्का पाहिजे त्यानं जीपच्या मागं ऱ्हावं." रुद्रेशने सीटवर प्लास्टिक झाकले. "आन् धूळ पण लागत न्हाई."

हा युक्तिवाद इतका निर्दोष होता की लोहा सोडताना टेम्पोत एकोणीस सायकली होत्या. अर्ध्या वाटेवर दुसरा टेम्पो मागवावा लागला. जोंधळेसर घाम पुसत चढ चढत असताना दोन्ही टेम्पो त्यांच्या शेजारून गेले आणि आतल्या सहभागींनी टाळ्या वाजवून त्यांना प्रोत्साहन दिले.

अहमदपूरला ते साडेदहाला पोचले तेव्हा एकसष्ट सहभागी मंचासमोर घाम न आलेल्या चेहऱ्यांनी बसलेले होते. सगळ्यांना शिक्के मिळाले होते. सगळ्यांचे सत्कार झाले होते. दीपप्रज्वलन बाकी होते, कारण वाऱ्याने समई टिकत नव्हती आणि पाहुणे ती स्वतःच्याच हाताने लावण्यावर ठाम होते. नंतर पाहुण्यांनी 'वेळेचे महत्त्व' या विषयावर पन्नास मिनिटे विचार मांडले. जोंधळेसर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. त्यांना वाटले, आपण गणितात कुठेतरी चुकलो. चढ मोजला होता, ऊन मोजले होते, वारा मोजला होता. समई मोजायची राहिली होती.

साडेअकराला शिक्का मिळाला. आता दोन शाली, दोन नारळ, दोन फेटे आणि काचेची फ्रेम असलेले एक सन्मानपत्र असा संसार घेऊन सर निघाले. दुसरा नारळ त्यांनी जर्सीच्या मागच्या खिशात टाकला होता. तो प्रत्येक पायडलला पाठीत एक गुद्दा घालत होता. यामुळे वेग वाढला असावा, कारण तेहतीस किलोमीटर भर उन्हात ओढून ते एक वाजता चाकूरला होते.

चाकूरच्या स्वागत समितीचे प्रमुख सटवाजी रस्त्यातच उभे होते. चेहऱ्यावर स्वागताची खूण नव्हती.

"काय सर, लई टाइम लावला तुमी. मानसं कवाची बसून ऱ्हायली. भात गार झाला."

"सायकलवर आलो, मामा."

"त्येच तर. सगळे टायमावर आले, तुमी एकटेच सायकलीवर. एका मानसापायी सगळा कार्यक्रम खोळंबून ठेवायचा म्हंजे काय?"

तेवढ्यात हरिओम आला आणि त्याने जोंधळेसरांच्या हाती एक कागद दिला. ती कारणे दाखवा नोटीस होती. सहभागी क्रमांक बासष्ट हे वारंवार सायकल चालवत असल्याने नियोजित कार्यक्रमास विलंब होत असून, याबाबत आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा लातूर येथे पोचण्यापूर्वी सादर करावा.

"हरिओमसर, ही सायकल स्पर्धा आहे ना?"

"हाव. म्हणूनच तर प्रत्येकाची सायकल आम्ही लातूरला पोचवून राहिलो. तुमचीच तेवढी राहिली."

"सायकल पोचवायची आहे की माणूस?"

"दोन्ही पोचले म्हणजे झालं. ते एकमेकांवर बसून आले का शेजारी बसून आले, असा रकाना कार्डावर नाही."

जोंधळेसरांनी कार्ड पाहिले. खरोखरच नव्हता. टेम्पोची मागची फळी उघडी होती, आत बरोबर एका सायकलीची जागा होती. क्षणभर त्यांचे पाय तिकडे वळलेही. मग त्यांना भोकरला दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन्या अडकवलेली कार्बन फ्रेम दिसली. त्यांनी नोटिशीच्या मागे "सायकल स्पर्धा असल्याचा गैरसमज झाला, क्षमस्व" असा खुलासा लिहिला, तिसरी शाल अंगावर घेतली, तिसरा नारळ पोटाशी बांधला आणि दोन वाजता शिक्का मिळताच चाळीस किलोमीटर पुढ्यात घेतले.

त्यानंतर जे झाले त्याची नोंद समितीच्या दप्तरात नाही. तीन फेट्यांची शेपटे वाऱ्यावर सोडून, तीन शाली पांघरून, काचेची फ्रेम छातीला बांधलेला एक माणूस भर उन्हात महामार्गाने सुसाट चालला होता. एका ट्रकवाल्याने मागून हॉर्न दिला, शेजारी येऊन पाहिले आणि वेग कमी करून त्याला आदराने पुढे जाऊ दिले. एका ढाब्यासमोर चार माणसांनी नवरदेव समजून हात जोडले. घोडा का नाही, एवढेच त्यांना कळले नाही. जोंधळेसरांना हसू फुटले आणि ते आवरेना. सगळा जन्म दुसऱ्यांच्या वायरी जोडण्यात गेला होता. आज आपल्याच अंगातून करंट जातो आहे असे त्यांना वाटले. साखर, सोफा, समिती सगळे मागे पडले. तीन वाजून चोपन्न मिनिटांनी लातूरची कमान दिसली. सहा मिनिटे हातात होती.

कमानीखाली समाप्तीची पांढरी रेषा होती. रेषेवर सोफे होते. सोफ्यांवर मान्यवर होते.

"जरा सरका, मला रेषा ओलांडायची आहे," सर म्हणाले.

पहिल्या सोफ्यावरच्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहून नमस्कार केला. दुसऱ्याने त्यांचा हात हातात घेऊन फोटो काढला. तोपर्यंत चारला तीन मिनिटे उरली होती. जोंधळेसरांनी हाका मारल्या, घड्याळ दाखवले, कार्ड दाखवले. चार वाजले. चार वाजून दहा मिनिटांनी प्रमुख पाहुणे आले, आणि हरिओमने त्यांच्या हाती हिरवा झेंडा दिला.

"हे काय?" जोंधळेसरांचा आवाज चिरका झाला होता. "आता झेंडा कसला? स्पर्धा संपली."

"संपायला आधी सुरू व्हावी लागते ना, सर. साहेबांना सकाळी नांदेडला यायला जमलं नाही. झेंडा त्यांच्याच हस्ते, असं पत्रिकेत छापलंय. छापलेलं बदलता येत नाही."

"मग सकाळी सहापासून मी काय केलं?"

"सराव," हरिओम म्हणाला. त्याच्या स्वरात कौतुक होते. "एवढा सराव कुणीच केला नाही."

"आणि सुरुवात इथे, तर शेवट कुठे?"

"इथेच. एकाच कमानीत दोन्ही बसवलं. मंडपाचा खर्च वाचला."

"मग अंतर?"

"अंतर एकशे पंचेचाळीसच आहे. ते मंजूर झालेलं आहे."

मान्यवरांनी आता उठून सोफे मागे घेतले, कारण झेंड्याला जागा लागणार होती. टेम्पोतून सायकली उतरल्या. रुद्रेशने प्लास्टिक काढले. झेंडा पडताच एकसष्ट जणांनी रेषा ओलांडली. रुद्रेश चार सेकंदांत पहिला आला आणि खाली उतरून धापा टाकू लागला. जोंधळेसर रेषेपासून दोन हातांवर उभे होते. खोटे मेडल घ्यायचे की खरी सायकल घालवायची, असा तो प्रश्न होता. त्यांनी पायडल मारले. नेमका तेव्हाच पोटऱ्यांत गोळा आला. वाकत, लंगडत, नारळ सावरत ते पलीकडे गेले तेव्हा अडतीस सेकंद झाले होते. ते शेवटचे आले. गळ्यात मेडल पडले, हाती प्रमाणपत्र आले आणि चौथा नारळ आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी महामायाबाईंनी मेडल उलटसुलट पाहिले. मग चष्मा लावून प्रमाणपत्र वाचले. त्यांनी आयुष्यभर दाखले वाचले होते. दाखल्यात असते तेच घडलेले असते, यावर त्यांची शाळा चालत होती.

"अंतर एकशे पंचेचाळीस किलोमीटर. वेळ अडतीस सेकंद." त्यांनी प्रमाणपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने गणित मांडले. "म्हणजे ताशी तेरा हजार सातशे सदतीस किलोमीटर. आणि एवढं करून शेवटचा नंबर."

"अगं, मी खरंच चालवली. सहा वाजता निघालो, तीन चोपन्नला तिथं होतो. हे बघ कार्ड."

"कार्डावर लाल अक्षरात 'सराव' लिहिलंय."

जोंधळेसरांनी तासभर सगळे सांगितले. महामायाबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्यांचा नवऱ्यावर विश्वास होता; पण कागद त्यांच्या हातात होता.

"बरं, खरं काय ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "अडतीस सेकंदांत जे काम होतं, त्यासाठी हॉलमध्ये सायकल कशाला लागते?"

गुरुवारी रामकिशनदादा येऊन सायकल घेऊन गेले. ते आता रोज सकाळी-संध्याकाळी भोकरच्या डेअरीपर्यंत मिळून बावीस किलोमीटर तिच्यावर दूध नेतात. कॅन्या व्यवस्थित अडकतात. हा प्रवास कामासाठी असल्याने कोणत्याही समितीकडे त्याची नोंद नाही.

समितीची आढावा बैठक मात्र यशस्वी झाली. तीत एकमताने ठराव झाला की सायकलमुळे होणारा विलंब टाळण्यासाठी पुढील वर्षापासून, जो कुणी खुर्चीत बसून नांदेड ते लातूर हा प्रवास शेवटपर्यंत पूर्ण करेल, त्याला दीर्घपल्ल्याचा विजेता समजण्यात यावे. वाचकहो, आपण तो आत्ताच पूर्ण केला आहे. शाल आणि श्रीफळ आपल्या पत्त्यावर रवाना होत आहे. आपण पायडल मारलेले नाही, सबब सत्कार नको, असे कुणाला वाटत असल्यास त्याने तसा लेखी अर्ज करावा. अद्याप एकही अर्ज आलेला नाही.