कडता कापून चोवीस किलो

डॉक्टर म्हणाले, "साखर वाढलीय, घरच्या घरी थोडा व्यायाम करा," तिथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते सुनेनं 'आठ किलो' म्हटल्यावर.

सून तेजस्विनी वर्षभर घरी केटलबेल उचलत होती. केटलबेल म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा. तिचा आठ किलोचा होता. "आबा, नवशिक्यानं हलक्यापासून सुरुवात करायची," ती म्हणाली. "एका हातानं पाच वेळा आरामात डोक्यावर गेलं, तेच आपलं वजन. आधी माझाच वापरून बघा."

"आठ?" देवराम आबांना ते फारच लागलं. "पोरी, उभं आयुष्य मी क्विंटलात काढलं. आठ किलो तर आमच्याकडं झाडलोटीत निघायचं!"

यात खोटं काही नव्हतं. आबा कांद्याच्या बाजारात मापाडी होते. काट्यावर पोतं चढलं की माती, पाला आणि ओल यांपोटी थोडं वजन कापायचं (याला कडता म्हणतात, शेतकरी आणखीही बरंच काही म्हणतात) आणि उरलेलं खणखणीत आवाजात पुकारायचं. मग म्हणायचं, "बरोबर! पुढचं पोतं!" आबांनी पुकारलेलं वजन कधी फिरलं नाही. फक्त एक गोष्ट ते चारचौघांत सांगत नसत. मापाडी वजन पुकारतो. उचलतो तो हमाल.

त्याच संध्याकाळी व्याह्यांना फोन गेला. व्याही वाल्मीकराव, म्हणजे तेजस्विनीचे वडील, चांदवडकडचे कांदावाले शेतकरी. वर्षानुवर्षं त्यांचा कांदा आबांच्याच काट्यावर चढला होता, आणि सोयरीक जुळल्यावरही आबांनी कडत्यात एका कांद्याची सूट दिली नव्हती.

"रविवारी या," आबा फोनवर गरजले. "चोवीस किलो एका हातानं डोक्यावर नेऊन दाखवतो. नाय जमलं तर मला मापाडी म्हणू नका!"

"येतो की," वाल्मीकराव म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

कुसाबाईंना, म्हणजे आबांच्या बायकोला, आकडा ऐकूनच घाम फुटला. "अहो, चोवीस लय होतं."

"चोवीस नुसतं छापलेलं असतंय. त्यातली माती, पाला, ओल धर."

"लोखंडात पाला?"

"माल कुठलाबी असो, कडता सुटत नाय. खरं वजन अठरा भरंल."

गोळा आला. दुकानदारानं तो उचलून रिक्षात ठेवला, रिक्षावाल्यानं सातपूरच्या सोसायटीत उतरवला, वॉचमन झुंबरनं लिफ्टनं वर आणून हॉलमध्ये ठेवला आणि जाताना कंबर धरली. आबा प्रत्येक वेळी शेजारी उभे राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. कुसाबाईंनी गोळ्याला हळदकुंकू वाहिलं. (घरात नवी वस्तू आली की त्या वाहतातच, मिक्सरलाही वाहिलं होतं.) आबांनी मात्र रविवारपर्यंत त्याला बोट लावलं नाही.

रविवारी वाल्मीकराव चहाचा कप घेऊन समोरच्या खुर्चीत बसले. आबांनी मुलाची ट्रॅक पँट चढवली, डोक्यावरची टोपी घट्ट केली, वाकून कडी धरली आणि "हुं!" केलं.

गोळा जागेवर होता.

आबांनी दुसरा हात लावला. "हुं"चं "आं" झालं. पाठीमागून शर्ट वर गेला, भुवया वर गेल्या, टोपीसुद्धा वर सरकली. गोळा तेवढा वर आला नाही. आबा सावकाश सरळ झाले. शरमेनं मान खाली घालायला माणूस वेगळा लागतो.

"हे चोवीस नाय," त्यांनी ठणकावलं. "जास्त भरतंय. तीस तरी हाय!"

वाल्मीकरावांचा कप ओठांपाशी थांबला. "काय म्हणलात?"

"वजन जास्त भरतंय!"

"विहीणबाई, ऐकलं ना? काट्यापाशी हात जोडून जोडून मी म्हणायचो, देवरामभाऊ, वजन जास्त भरतंय, जास्त भरतंय. आज पहिल्यांदा पटलं त्यांना."

तेजस्विनीनं हसू दाबत वजनकाटा आणला आणि दोन्ही हातांनी गोळा त्यावर चढवला. काट्यानं चोवीस दाखवलं.

"काटा खोटा!" आबा ओरडले. (नोकरीत हे वाक्य त्यांनी कुणाला पुरतं बोलू दिलं नव्हतं.)

"मग तपासूच," असं म्हणून तेजस्विनीनं गोळा खाली उतरवला आणि आबांनाच वर उभं केलं. काट्यानं चौऱ्यांशी दाखवलं. आबा सगळ्या गावाला पंच्याहत्तर सांगत आले होते.

"डॉक्टरकडं पण चौऱ्यांशीच भरलं होतं," कुसाबाई म्हणाल्या. "मग काटा खरा म्हणायचा का खोटा?"

"माझ्यापुरता खोटा!" आबा खाली उतरले. ते आतून पुरते हादरले होते, पण व्याह्यासमोर हरायचं नव्हतं. "आण गं तुझा तो आठचा!"

आठचा हातात आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं, "हे आठ नाय. निदान बारा हाय." आणि ते मोठ्यानं मोजत सुटले. सुरुवातीला गोळा डोक्यावर गेला. मग कानापर्यंत गेला. पुढे पुढे नुसता खांदाच उडत होता, पण आवाज तिळभर कमी झाला नाही.

"दहा!" आबांनी गोळा सोफ्यावर टाकला. घामाच्या धारा लागल्या होत्या. "बोला आता! मापाडी हाय का नाय?"

वाल्मीकरावांनी कप खाली ठेवला. ते उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि बाजारात पुकारतात तसं खणखणीत पुकारलं, "दहा! माती, पाला, ओल जाऊन... चार!"

"बरोबर!" आबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "पुढचं पोतं!"