दरवानाचा कोट आणि टेकिटिन

फोन आला तेव्हा टेलरमास्तर बटणं आणायला बाजारात गेले होते. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. त्यामुळे फोन वाजला की मास्तरांच्या बायकोने हातातलं काम टाकून धावायचं, हा त्या घरातला कायदा. मास्तर परतले तेव्हा ती शिलाई मशीनला टेकून उभी होती, आणि अवघड पेपर देऊन आलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता.

"नव्या हॉटेलातनं फोन होता. मॅनेजरबाईंचा. सगळं इंग्रजीत."

मास्तरांच्या हातातली बटणांची पुडी पडता पडता राहिली. त्या हॉटेलातल्या चाळीस माणसांचे कोट कोण शिवणार, याकडे सगळे शिंपी डोळे लावून बसले होते. आज संध्याकाळी सहाला हॉटेलचं उद्घाटन होतं.

"मग? काय म्हणाल्या?"

"दरवानाबरोबर एक कोट पाठवतायत. आपली ट्रायल आहे. त्यात पास झालो की चाळीसच्या चाळीस आपल्याकडे. एवढं कळलं. बाकीचं ऐकलं तसं उतरवलंय."

तिने जुन्या पावतीची मागची कोरी बाजू पुढे केली. त्यावर लिहिलं होतं : 'टेकिटिन. लेटिडाऊन. ट्रायटॉन. पाचला येते.'

"टेकिटिन?" मास्तर म्हणाले. "हे खोकल्याचं औषध वाटतंय."

"भरभर बोलत होत्या हो. त्यात फोनला खरखर."

"परत फोन करून विचारू या का?"

"कुठल्या भाषेत?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर सर होते. सरांनी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून कोणी काही विचारेल म्हणून ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसत. मास्तरांची हाक ऐकताच ते चष्मा पुसत खाली आले. चिठ्ठी त्यांनी आधी जवळून वाचली, मग लांबून.

"साधं आहे," ते म्हणाले. "इंग्रजी क्रियापदाला शेपूट असतं. इन, आऊट, अप, डाऊन. शेपूट बदललं की अर्थ बदलतो. आता या दोघांच्या मधे नाम आलं तर ते शेपटाच्या अलीकडे बसतं, पलीकडेही बसतं. पण सर्वनाम आलं, इट किंवा हिम, की त्याला मधेच बसावं लागतं."

"अस्तरासारखं," मास्तर म्हणाले.

"अगदी! तेव्हा प्रश्न एवढाच, की मधे कोण बसलंय. वहिनी, टेक 'इट' इन म्हणाल्या, की टेक 'हिम' इन?"

वहिनींनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "मधे कोणीतरी होतं खरं. पण चिरडून गेलं बिचारं."

"मग तर्काने जाऊ. टेक इट इन म्हणजे वस्तू आत आणा. कोट आत आणा, हे सांगायला कोणी फोन करेल? कोट काय कोणी रस्त्यावर ठेवतं? म्हणजे तिथे हिम. टेक हिम इन. त्याला घरात घ्या, आसरा द्या."

"कोणाला?"

"दरवानाला! पुढे बघा. लेट हिम डाऊन, म्हणजे त्याला निराश करा. असं कोणी शहाणा माणूस सांगेल? तिथे आधी 'डोन्ट' असणार. वहिनी, डोन्ट ऐकू आलं होतं?"

"नाही हो."

"बघा. खरखरीत गेलं."

मास्तरांच्या डोक्यात मात्र धंद्याचा किडा वळवळत होता. "पण सर, शिंप्याकडे कोट आला, म्हणजे काहीतरी दुरुस्ती असेल ना?"

"दुरुस्तीला इंग्रजीत रिपेअर म्हणतात. ऑल्टर म्हणतात. यातला एक तरी शब्द आहे चिठ्ठीत?" मास्तरांनी चिठ्ठी पुन्हा निरखून पाहिली. "आणि शेवटचं ट्राय इट ऑन. कोट अंगात घालून पाहा. कोणी? ज्याला निरोप आहे त्याने. तुम्ही!"

तेवढ्यात दारात अंधार झाला. दरवान आला होता. माणूस इतका उंच, की आत येताना वाकला तरी चौकटीवर डोकं आपटलंच. अंगाने मात्र वेताच्या काठीसारखा. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला कोट होता.

"बाईंनी पाठवलंय," तो कपाळ चोळत म्हणाला. "माझा आज पहिलाच दिवस आहे. बाई म्हणाल्या, मास्तर सांगतील तसं करायचं, उलट बोलायचं नाही."

सरांनी मास्तरांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

कोट लालभडक होता, खांद्यावर सोनेरी गोंडे होते. मास्तरांनी तो चाचरतच अंगात घातला आणि आरशापुढे उभे राहिले. कोट चपखल बसला. पोटावर बटणं लागली, बाह्या मनगटाशी येऊन थांबल्या. कोट आधी नेमलेल्या दरवानाच्या मापाचा होता, तो ठेंगणा आणि गोल होता आणि उद्घाटनाआधीच नोकरी सोडून गेला होता, हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो!" बायकोने तोंडावर हात ठेवला. "तुमच्याच मापाचा आहे की!"

"म्हणजे भेट आहे," सर म्हणाले. "माणसाला ठेवून घ्या, त्याबद्दल हा मान. मोठ्या हॉटेलांची रीत असते."

झालं. दरवानाला हातपाय धुवायला पाणी मिळालं. मग जेवण मिळालं. दुसऱ्यांदा वाढताना त्याने "पुरे" म्हणून पाहिलं, पण मास्तरांनी दटावलं, "उलट बोलायचं नाही." तो निमूटपणे जेवला. निराश व्हायला नको म्हणून वहिनींनी त्याला खीर दिली, सरांनी वरून उशी आणली, आणि मास्तरांनी त्याला खाटेवर आडवं व्हायला सांगितलं. खाट संपल्यावरही दरवान उरला, म्हणून त्याच्या पायांखाली स्टूल ठेवलं.

"या नोकरीत एवढं असतं होय?" तो पेंगुळत म्हणाला. "आईला उगाच काळजी वाटत होती."

पाचच्या ठोक्याला मॅनेजरबाई आल्या. लाल कोटातल्या मास्तरांनी दार उघडून कमरेत वाकून नमस्कार केला. बाई क्षणभर आपण हॉटेलवरच परत आलो की काय, अशा नजरेने त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

सर पुढे झाले. हे वाक्य त्यांनी दुपारभर घोटलं होतं. "मॅडम, वुई हॅव टेकन हिम इन!"

"हिम?" बाई म्हणाल्या.

"येस मॅडम. अँड वुई हॅव नॉट लेट हिम डाऊन."

बाईंची नजर खाटेकडे गेली. दरवान तोंड उघडं टाकून घोरत होता. बाईंनी हातातली पर्स मशीनवर ठेवली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अहो, काय करून ठेवलंत हे! तासाभरात पाहुणे यायचेत आणि हा इथे ढाराढूर!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला मराठी येतं?" वहिनींनी हळूच विचारलं.

"येतं म्हणजे? घरी दुसरं काय बोलते मी? तुम्हीच फोन उचलून 'हॅलो, हू इज स्पीकिंग प्लीज' म्हणालात. मला वाटलं, इथे इंग्रजीच चालतं."

"आणि मला वाटलं, हॉटेलातनं फोन म्हणजे तुम्हाला इंग्रजीच लागणार."

"अहो, मी एवढंच सांगितलं होतं, की कोट कमरेत आत घ्या, खालून सोडा, आणि त्याला घालून बघा!"

"आत घ्या? खाली सोडा?" मास्तर ओरडलेच. "सर, हे तर मी रोज करतो! सैल असेल तर आत घेतो, आखूड असेल तर खाली सोडतो!"

सर खुर्चीत बसले. "टेक इन, आत घ्या. लेट डाऊन, खाली सोडा," ते पुटपुटले. "शब्दाला शब्द. एकतीस वर्षं मी हे मराठीत शोधलंच नाही."

मग मात्र त्या खोलीत कोणी बसून राहिलं नाही. कोट मास्तरांच्या अंगावरून निघाला. दुमड उलटून पाहिली, तर कोणा भल्या शिंप्याने आत अडीच इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवली होती. मास्तरांना त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेसे वाटले. वहिनी बाह्या आणि खालचा घेर उसवायला बसल्या, मास्तरांनी कमरेच्या शिवणी आत घेतल्या, सरांनी धागे वेचले, आणि बाईंनी स्वतः पदर खोचून इस्त्री हातात घेतली. मशीन असं धावलं, की भिंतीवरचं घड्याळ मागे पडेल असं वाटलं.

सहाला वीस मिनिटं असताना दरवानाला उठवून स्टुलावर उभं केलं. आरशात त्याचं डोकं मावेना, पण गळ्यापासून खाली तो एखाद्या सेनापतीसारखा दिसत होता. कंबर नेमकी, बाह्या नेमक्या, घेर गुडघ्याच्या वर हवा तेवढाच. मास्तर टाचण्या तोंडात धरून त्याच्याभोवती फिरत होते.

"वा!" बाई म्हणाल्या. "चाळीस कोट तुमचे, मास्तर. उद्यापासून माणसं मापाला पाठवते. निरोप मराठीतच देईन, म्हणजे घोटाळा नको." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दरवानाकडे बोट केलं. "चला, उशीर होतोय. सोडा आता त्याला."

"सोडतो की," मास्तर म्हणाले, आणि कात्री घेऊन कोटाच्या घेराशी गुडघे टेकून बसले. "किती इंच?"