हरणाबाईची कुस्ती

"आवं, कुस्तीच्या मैदानातली चिमूटभर माती कपाळाला लावते आन् माघारी येते. कुनाला पत्ता बी लागणार न्हाई!" जत्रेदिवशी हरणाबाई नवऱ्याला म्हणाली. पत्ता लागणार नाही म्हणे! बाई दारातून निघाली की आख्ख्या गल्लीला कळायचं.

पोरवयापासून त्या तांबड्या मातीसाठी तिचा जीव तुटायचा. भाऊ तालमीत लोळायचे, ही बाहेर त्यांचे लंगोट वाळत घालायची. उंबऱ्याला पाय लागला की वस्ताद खेकसायचा, "बाईमाणसानं आत यायचं न्हाई!" पुढं जतकडं नांदायला आली, अंग सुटलं, लोकांनी धान्याच्या कणगीवरनं 'कणगी' नाव पाडलं. तेव्हापासून ती आरशातसुद्धा कुंकवापुरतीच बघायची. पण यंदा मैदानात बायकांच्याही कुस्त्या होत्या.

"आगं, लोक हसतील," नवरा, बाळासो, म्हणाला.

"हसूंद्यात. रोज हसत्यातच की!"

मैदानात मिरजेची पैलवान पोरगी सोनम जोड मागत, म्हणजे लढायला कुणी आहे का विचारत फिरत होती. जी मातीत उतरून हात मिळवेल तिच्याशी कुस्ती, ही तिथली रीत. मैदान कधी न पाहिलेल्या हरणाबाईला ती कुठली ठाऊक? तिनं मातीत उतरून, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, डोळे भरून आले. समोर सोनमनं हात पुढं केला. पोरगी गोड दिसली, हरणाबाईनं कौतुकानं तिचा हात धरला.

झालं! हलगी कडाडली. "जोड ठरलीऽऽ!" निवेदक ओरडला. बाळासोनं टोपी तोंडावर ओढली.

"मावशी, खरंच लढणार?" सोनमनं विचारलं.

"आगं बया, मी कवा म्हनलं?"

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी केकाटलं, "कणगी हलवून दाखव गं!" हरणाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं पदर खोचला आणि पाय रोवले.

सोनमनं ढकललं, ओढलं, पायात घुसली. बाई तसूभर हलेना! हसणारे गप झाले, मग शिट्ट्या सुटल्या. जन्मात पहिल्यांदा हरणाबाईला स्वतःचं अंग आवडलं, लय आवडलं.

सोनम घामाघूम. "मावशी, पाया पडते, पडा की!"

"पडल्यावर मातीत लोळायला मिळतंय?"

"व्हय!"

हरणाबाई धाडकन उताणी! सोनम जिंकली, हलगी थांबली, पण बाई काही उठेना. निवेदक विनवायला लागला, "मावशी, फुडची कुस्ती लावायचीय!" बाळासो घाबराघुबरा धावत आला. "हरणे, कुटं मोडलं का गं?"

हरणाबाईनं दोन्ही हातांनी माती अंगावर ओढून घेतली.

"काय बी मोडलं न्हाई. सारा जलम गेला हितं याया, आन् तुमी लगीच उठवाय आला व्हय? जावा, बसा तिकडं गप!"