भरतचा खुलासा

इंग्रजी वाक्प्रचार म्हणजे माझ्या हातचा मळ! महाडच्या एका कंपनीत डिस्पॅचला बसतो मी, पण वाक्प्रचारांच्या पुस्तकातल्या 'दोष, शिक्षा आणि परिणाम' या धड्यातले चाळीस वाक्प्रचार तोंडपाठ! त्यामुळे खंडेनवमीच्या पूजेत शिवथरच्या भरतने नव्या वजनकाट्यावर नारळ फोडला, पाणी आत शिरलं आणि रिकामा काटा सहाशे किलो दाखवू लागला, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही.

भरत मात्र रडवेला झाला. सोमवारी त्याला कायम करणार होते, आणि मॅनेजर प्रियदर्शिनी मॅडमनी लेखी खुलासा मागितला होता.

"सुहासभाऊ, माजी नोकरी गेली!"

"गप रे! असं इंग्रजी लिहितो, की मॅडम पेढे वाटतील!"

आणि लिहिलं! 'कराल तसं भराल', 'पेराल तसं उगवेल', शेवटी ठसका म्हणून 'मुंडकी उडतील'! सगळं अस्सल इंग्रजीत, पुस्तकाबरहुकूम. भरतने न वाचता सही ठोकली.

दहा मिनिटांत मॅडमच्या केबिनबाहेर दोन वॉचमन! भरतला बोलावणं आलं, धीर द्यायला मीही आत गेलो.

"भरत, कुणाची मुंडकी उडवणार आहेस?" मॅडम म्हणाल्या. "आणि मी असं काय पेरलंय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाक्प्रचार बरोबर होते हो, पण पत्र मॅडमना होतं! माफी मागायच्या कागदावर मी त्यांना दम भरला होता!

भरतने हात जोडले. "मॅडम, मला विंग्रजी येत नाय. काटा नवा, त्याला दिष्ट लागू नये म्हनून नारळ फोडला. चूक माजी हाय."

मॅडमनी तो कागद बाजूला सारला. "अरे, मग हेच लिहायचं ना! वर्षभरात 'चूक माझी' म्हणणारा तू पहिलाच. जा, सोमवारी ऑर्डर घे."

मला केवढा आनंद झाला! तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण हे लिहिलं कुणी?"

मी छताकडे बघितलं. नारळ काट्यावरच फोड, हेही मीच सांगितलं होतं, पण भरत पठ्ठ्याने माझं नाव घेतलं नाही. मला फार लाज वाटली.

"मी, मॅडम," मी म्हणालो. "आणि नारळाची अक्कलही माझीच."

"उद्या तुमचा खुलासा द्या. मराठीत!"

संध्याकाळी बिरवाडीच्या टपरीवर भरतला चहा पाजला आणि कोरा कागद पुढे ओढला. "सांग रे, काय लिहू?"

"चूक माजी हाय."

"बरं. पुढे?"

"पुढं काय नाय, भाऊ. सही करा!"