पाहणी आणि पाहुणचार

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कॅनडातल्या विनिपेगमध्ये उणे एकतीस होतं आणि ओरेस्ट ह्रिसाकच्या स्वयंपाकघरात त्याहून फार बरं नव्हतं. खिडकीला आतून बर्फ धरला होता. ओरेस्ट कानटोपी घालून चहा करी, कानटोपी घालूनच तो पिई आणि झोपतानाही ती काढत नसे. सगळ्या इमारतीला ऊब पुरवणारा तळघरातला बॉयलर त्याच्याच वयाचा, म्हणजे बहात्तर वर्षांचा, आणि त्याच्यासारखाच खोकणारा. इमारतीचा मालक टोरांटोत. फोन केला की तिथली बाई मधाळ आवाजात म्हणे, "तक्रारीची नोंद घेतली आहे." नऊ वर्षांतल्या नोंदींचे कागद पेटवले असते, तरी तिन्ही मजल्यांना ऊब मिळाली असती.

त्याची मुलगी लारिसा नवरा ग्लेन आणि मुलांसह ब्रँडन शहरात राहायची. नाताळात तिनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "ईस्टरपर्यंत तिथं ऊब आली नाही, तर तू आमच्या तळघरातल्या खोलीत यायचंस. पुरे झाला हट्ट." ओरेस्टनं कबूल केलं होतं, पण त्याला जायचं नव्हतं. त्याची बायको स्टेफा याच घरात गेली होती. घर सोडणं म्हणजे तिला या गारठ्यात एकटं टाकून जाणं, असं त्याला वाटे. हे तो कुणाला सांगत नसे, कारण सांगितल्यावर लोक मान हलवतात आणि ते त्याला आवडत नसे.

म्हणून विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा त्याला देव पावल्यासारखं झालं. भाडेकरूंच्या राहणीमानाची पाहणी होणार होती. माणूस घरी येऊन तापमान मोजणार, प्रश्न विचारणार आणि प्रत्येक गोष्टीला एक ते पाच गुण मागणार. ज्या इमारतीची सरासरी दोनच्या खाली, तिथं महापालिकेचा तपासनीस जाणार, आणि मग मालकाच्या बापालाही बॉयलर बदलावा लागणार.

ओरेस्टनं कपडे धुण्याच्या खोलीत सगळ्या भाडेकरूंची सभा घेतली.

"काहीही विचारलं तरी एक म्हणायचं," त्यानं बजावलं.

"सगळ्यालाच एक?" तळमजल्यावरची डेल्फिन दुशार्म म्हणाली. "शेजारी कसे आहेत, असंही विचारलंय यात."

"त्यालाही एक."

"तुला द्यायचा म्हणतोस? मग एक बरोबर आहे."

दुसऱ्या मजल्यावरच्या रोसाउरोनं हात वर केला. तो मनिलाचा, इस्पितळात काम करायचा. "दादा, येणारी व्यक्ती चांगली असली तर?"

"चांगली असली तरी एकच!"

सगळ्यांनी शपथा घेतल्या. पण या मुलखातला माणूस गाडीखाली सापडला तरी "चाललंय, तक्रार नाही" म्हणतो, आणि बाहेरून आलेला रोसाउरोसारखा माणूस तर दोन हिवाळ्यांत त्यात सवाई होतो. हे ओरेस्टनं लक्षात घ्यायला हवं होतं. त्याचा जन्म इथलाच.

मंगळवारी दोन वाजता पाहणीवाली आली. कर्स्टन थोरलाकसन, वय असेल तेवीस. बस चुकल्यामुळे चालत आलेली, पापण्यांवर बर्फ, ओठ निळे. ओरेस्ट मनातून हरखला. अशी गारठलेली साक्षीदार शोधून सापडली नसती. तो तिला आधी डेल्फिनकडे घेऊन गेला.

दार उघडलं आणि आतून गरम हवेचा लोट आला. डेल्फिननं सकाळपासून ओव्हन पेटवून त्याचं दार सताड उघडं ठेवलं होतं. टेबलावर ताजा पाव, लोणी, जॅम.

"आत ये गं बाळ! बूट राहू देत. आधी खा."

कर्स्टननं तापमापक काढला. तेवीस.

"घरातल्या उबेला किती गुण द्याल?"

ओरेस्ट खोकला. डेल्फिननं त्याच्याकडे बघायचंच टाळलं. "तक्रार करण्यासारखं काही नाही बाई. पाच लिही."

बाहेर आल्यावर ओरेस्टनं डेल्फिनला कोपऱ्यात गाठलं. "ठरलं काय होतं?"

"पोर कुडकुडत होती. तिच्यापुढे रडगाणं गाऊ? माझी आई वर स्वर्गात बसून बघतेय."

रोसाउरोकडे बहिणीचा एक आणि मावसभावाचा एक असे दोन हीटर धडधडत होते. तो घामानं डबडबला होता. पंचवीस अंश. ओरेस्टनं त्याच्या पायावर पाय दिला.

"दादा, तुमचा पाय पडलाय माझ्या पायावर," रोसाउरो अदबीनं म्हणाला आणि कर्स्टनकडे वळला. "पाच, ताई. शेजाऱ्यांनाही पाच."

घरोघरी तेच. वर्षभर त्या इमारतीत कुणी पाहुणा आला नव्हता. आला तो नेमका आज, आणि कुणालाच त्याला थंडीत बसवणं जमेना.

ओरेस्टची शेवटची आशा म्हणजे त्याचं स्वतःचं घर. सकाळपासून खिडकी उघडी टाकून त्यानं ते पद्धतशीर गोठवलं होतं. त्यानं ऐटीत दार उघडलं. खिडकी बंद होती. मधोमध एक लालबुंद हीटर होता आणि त्याच्यावर डेल्फिनच्या अक्षरात चिठ्ठी: "पाहुणी तुझ्याकडेही येणार. लाज राख." किल्ली तिच्याकडे असायची, हे तो साफ विसरला होता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

"तुम्ही किती गुण द्याल?" कर्स्टननं विचारलं.

ओरेस्टनं 'एक' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती हीटरशी हात शेकत म्हणाली, "नशीबवान आहात काका. माझ्या खोलीत दोन आठवडे हीटिंग बंद आहे. मी कोट घालून झोपते."

ओरेस्टनं तिच्या लाल बोटांकडे पाहिलं. अशा मुलीला काय सांगायचं?

"चार," तो पुटपुटला.

ती कोपऱ्यावरून वळते न वळते तोच इतक्या हीटरांनी मिळून फ्यूज उडवला. रात्रभर सगळी इमारत काळोखात कुडकुडत होती.

फेब्रुवारीत अहवाल पेपरात आला. त्यांची इमारत परिसरात सर्वांत उबदार ठरली होती: सरासरी चोवीस अंश, समाधान पाचपैकी पावणेपाच. मालकानं ते कात्रण चौकटीत बसवून प्रवेशद्वारावर लावलं. आता फोन केला की ती बाई म्हणे, "पण अहवालात तर…" तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ओरेस्टनं पलंगाखालून बॅग ओढली, स्टेफाचा फोटो टॉवेलात गुंडाळला आणि ब्रँडनला फोन लावला.

"लारिसा, ती खोली…"

"बाबा, वाचलं मी. चोवीस अंश! माझ्या घरात वीस असतात. इतकी वर्षं थंडी, थंडी म्हणून खोटं सांगत होतास?"

"अगं, ऐक तरी…"

"रागावले नाही मी. ग्लेन म्हणाला, त्यांना एकटं वाटत असेल, म्हणून ते थंडीचं निमित्त करतात. खरंय रे. चार वर्षांत मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही. त्या खोलीत आता ग्लेनच्या आईला आणतोय. तू तुझ्या घरी सुखानं राहा. आणि या रविवारी मुलांना घेऊन येते मी. राहायलाच येते."

बोलताना ओरेस्टच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती.

"ये," तो म्हणाला.

"मुलांना घरात घालायला जाड स्वेटर आणू का?"

"नको," ओरेस्ट कानटोपी खाली ओढत म्हणाला. "उकडेल त्यांना."