तातू तांडेलाचं परळ

आमच्या देवबागेत वाटेत कुत्रं भेटलं, की तातू तांडेल आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे. मालकाला रामराम नंतर. "पांढरो आसा. जा," म्हणायचे, आणि कुत्रंही दवाखान्यातून सुटल्यासारखं निघून जायचं.

साचलेल्या पाण्याशी तर त्यांचं उघड वैर. करवंटीत दिसो, कुंडीत दिसो, तातू ते पालथं करायचे. "उंदरान मुतलेला पाणी! कुत्र्यान पिला तर कावीळ!" एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत उठले, मांडवामागे जाऊन हात धुवायचं घंगाळ उपडं केलं आणि परत येऊन अक्षता टाकल्या. "कुत्रो तोंड घाली होतो," एवढाच खुलासा. वऱ्हाडानं हात कशानं धुवायचे, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

मी त्यांची शेजारीण, जिभेची तिखट. सगळ्यांत जास्त मी हसायचे. "तातूनु, समुद्र कधी उपडो करतलात?"

"तो खारो आसा. कुत्रो त्येका तोंड लावणा नाय," तातू गंभीरपणे सांगायचे.

मी का हसायचे, ते माझं मलाच ठाऊक.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या पावसात तातू लेकीच्या बाळंतपणासाठी इन्सुलीला गेले. बायको केव्हाच वारलेली. घरात त्यांचा कुत्रा वाघ्या तेवढा. जाताना त्याचं पाणी प्यायचं मातीचं परळ माझ्या हाती दिलं. "शेवंते, रोज बावीचा ताजा पाणी भर गो."

हो म्हटलं. पण पाऊस असा कोसळत होता, की अंगणभर पाणीच पाणी. कुत्र्याला वेगळं कशाला भरायचं? परळ पडवीच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. भात मात्र रोज घातला हो! वाघ्या गोठ्यामागच्या डबक्यात प्यायचा.

पंधरा दिवसांनी तातू परतले, तेव्हा वाघ्याचे डोळे हळदीसारखे पिवळे. त्याला होडीत घालून त्यांनी मालवण गाठलं. उंदरांच्या मुतानं बाधलेलं पाणी प्याला असणार, हे जनावरांच्या डॉक्टरनं तिथं सांगितलं. तिसऱ्या दिवशी वाघ्या गेला.

"परळ भरी होतंस मा?" तातूंनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

तेव्हापासून ते गावभर पापण्या ओढत फिरायला लागले, आणि मी हसायला.

चार वर्षांनी लेकीचं दुसरं बाळंतपण. पुन्हा भर पावसात तातू माझ्या दारात. काखेत नवं पिल्लू, हातात तेच परळ. मी हात मागे घेतला.

"दुसऱ्या कोणाक तरी सांगा, तातूनु."

"कोणाक? आता तुझ्याइतक्या काळजीन दुसरा कोण भरतला?" तातू म्हणाले. "त्या येळी परळात कोळ्यान जाळा केलेला. माका त्याच दिवशी दिसला."

मला रडूच कोसळलं. चार वर्षं पोटात धरलेलं सगळं बाहेर आलं. "मगे बोललात कित्याक नाय?"

"बोलल्यार तू लाजेन येवची बंद झाली असतंस. वाघ्या गेलोच होतो. मगे माझ्याशी भांडूक रवतला कोण?"

परळ माझ्या हातात ठेवून त्यांनी वाकून माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"लाल आसत. पिवळे नाय. जा, पाणी भर."