आत्याच्या उशांना मागणी

प्रश्न नीट मांडता आला की निम्मं काम झालंच! बाजार-संशोधनाच्या कंपनीत मी नवख्यांना हेच घोकवतो. आधी प्रश्न ठरवा, मग कुणाला विचारायचं ते ठरवा, आणि मगच तोंड उघडा! त्यामुळे आत्या फोनवर म्हणाली, "दुकान बंद करून थोरल्या ताईकडे राहायला जातेय," तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "थांब! तुझं दुकान मी वाचवतो!"

आत्याने मला लहानाचं मोठं केलं. स्वतः लग्न केलं नाही, जन्मभर उशा शिवल्या. माझं बालपण त्या दुकानातल्या कापसाच्या ढिगात गेलं. ते बंद होणार म्हटल्यावर मी लगेच रजेचा अर्ज टाकला.

सुट्टी मिळताच मी हजर!

"आत्या, तुझा नेमका प्रश्न काय?"

"मला कसला प्रश्न? तू जेवलास का?"

घ्या! मग तिचा प्रश्न मीच मांडला : उशांची मागणी का घटली? योजनाही तयार. आधी जाणत्या माणसांशी गप्पा, मग सगळ्या गल्लीची पाहणी. पहिला मान समोरच्या घड्याळवाल्या काकांचा. एकटा जीव, घरात खुर्ची एकच. पण आत्याकडून सारखे उशा नेत असतात.

"काका, आत्याकडच्या मागणीबद्दल बोलायचं होतं."

काकांच्या हातातला चिमटा थबकला. "मागणी? कुणी घातली?"

"कुणीच नाही ना! पूर्वी काय रीघ लागायची! हल्ली सगळं थंड."

"रीघ?" काकांचा चेहरा पडला. "मला कल्पना नव्हती."

"जरा कडक वाटते म्हणे लोकांना."

"कडक?" काका उसळलेच. "वरून असेल! आतून किती मऊ आहे, हे लोकांना काय ठाऊक!"

वा! असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. मी खूश होऊन विचारलं, "मग तुमच्याकडून मागणी येईल असं समजू?"

काका कानापर्यंत लाल झाले. "माझ्याकडून? या वयात?"

"मागणीला कसलं आलंय वय! बिनधास्त या. तुम्ही तर माझा पहिलाच नमुना!"

"नमुना तर नमुना!" म्हणत काकांनी केसांवरून कंगवा फिरवला, शटर ओढलं आणि तरातरा रस्ता ओलांडला. उशी घ्यायला केवढा हा उत्साह, म्हणून मीही मागे धावलो.

"मी मागणी घेऊन आलोय," काका दारातूनच म्हणाले.

आत्याने शिलाईवरून मान वर केली नाही. "किती नग?"

"नग... एकच. म्हणजे, मीच."

"माप काय?"

"माप? छातीचं सांगू का?"

आता आत्याने वर पाहिलं. "अहो, उशीचं!"

"उशी नको. उशा ठेवायला घरात जागाच उरली नाही! तुमच्याशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून नेत होतो. मी तुम्हालाच मागणी घालायला आलोय. तुमचा भाचाच म्हणाला, बिनधास्त या!"

शिलाई मशीन थांबलं. धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं!

"आत्या, मी फक्त मागणी का घटली एवढंच..."

"घटली हे तुला कुणी सांगितलं?" आत्या कडाडली. "शिवून शिवून बोटं दुखतात माझी!" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तू नोकरीला गेलास आणि घर खायला उठलं रे. कुलूप काढून आत जायचं, तर बोलायला कुणी नाही. म्हणून ताईकडे चालले होते."

मला भरून आलं. एवढं सगळं तिच्या मनात होतं आणि मी उशा मोजायला निघालो होतो! पण ती 'होते' म्हणाली, ते मी ऐकलं. काकांनीही ऐकलं असावं, कारण दारातून ते हललेच नाहीत.

"उभे का? बसा," आत्या त्यांना म्हणाली आणि पुढ्यातली मऊशी उशी तिने स्वतः झटकून खुर्चीवर ठेवली. काका अलगद बसले, जणू उशी काचेची आहे!

मी हळूच काढता पाय घेतला, तशी मागून हाक आली.

"काय गं आत्या?"

"तुझी ती पाहणी इथेच थांबव. पुढचं दुकान न्हाव्याचं आहे, आणि त्याची बायको फार तापट आहे!"